नामू देणाऱ्याचे तळवे

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या फालाबुगुचे गावप्रमुख, सन्माननीय फामाकां कोनाते, प्रमुख पाहुणे, मेयर चेमोको कुलिबाली, व्यासपीठावरचे इमामसाहेब, शिकारी मंडळींचे वडीलधारे, किता शहराहून टेपयंत्र घेऊन आलेले रेडिओचे गृहस्थ, ज्यांच्या सत्कारासाठी आपण हातातली कामं टाकून आलो ते माझे गुरू, कोनात्यांची वंशावळ गाणारे जेली फादिगी कामिसोको, त्यांची कन्या आणि आजपासून त्यांच्या चटईवर बसणारी तेनेंबा, आणि या मंडपात, बाहेर आंब्याखाली, शाळेच्या भिंतीवर जागा मिळेल तिथे बसलेल्या माझ्या आयाबहिणींनो, भावांनो आणि कार्ट्यांनो,

मी बांजुगु तुंकारा. मला तुम्ही सगळे ओळखता, पण माझा आवाज ओळखता का, याची मला शंका आहे. गेली अडतीस वर्षं या मंडपात मी एकच शब्द बोलत आलो. फादिगींनी एक ओळ म्हणायची, मी म्हणायचं, नामू. म्हणजे होय, खरं आहे, चालू द्या. लग्न असो, बारसं असो, दर सात वर्षांनी वाडवडिलांच्या जुन्या झोपडीवर नवं गवत चढवायचं असो, कोनात्यांच्या पूर्वजांची नावं फादिगींच्या तोंडून निघाली आणि माझ्या नामूवर टेकून पुढं गेली. माझ्या बायकोचं म्हणणं असं, की घरीही मला दुसरा शब्द येत नाही. ती बोलते, मी नामू म्हणतो, आणि संसार चालतो.

मघाशी मेयरसाहेब शेजाऱ्यांच्या कानात कुजबुजले. त्यांची कुजबुज मागच्या रांगेपर्यंत जाते. म्हणाले, “याला भाषणाला कुणी उभं केलं? हा नामू म्हणेल आणि बसेल. बरंच आहे म्हणा, शेंगदाण्याचं कालवण निवायच्या आत सुटू.” मेयरसाहेब, तुमचा जीव त्या कालवणात का अडकलाय ते अध्यक्षांना चांगलं ठाऊक आहे. कुलिबालींच्या घरी वर्षभर चवळीच शिजते. अध्यक्ष मोठ्या घरचे, ते सभेत आवाज चढवत नाहीत, हळू बोलतात आणि त्यांचं बोलणं आम्ही जेली मोठ्यानं सांगतो. म्हणून त्यांच्या वतीनं मी आपल्याला चवळीखाऊ म्हणतो. आपण कोनात्यांना आपले गुलाम म्हणा, म्हणजे दोन्ही घराण्यांची वाडवडिलांपासूनची थट्टेची रीत पुरी होईल आणि आपलं पोटही दुखणार नाही.

हसा, हसून घ्या. मलाही थोडा धीर येतो.

फादिगींबद्दल काय बोलू? ज्यांनी आयुष्यभर दुसऱ्यांची स्तुती केली त्यांची स्तुती कुणी करायची? मी त्यांच्याकडे गेलो तेव्हा वीस वर्षांचा होतो. चार तारांचं न्गोनी बरं वाजवायचो, गळा बेताचा होता आणि स्वतःबद्दलचं मत फार चांगलं होतं. पहिल्याच दिवशी त्यांनी माझं वाद्य भिंतीला टेकवून ठेवलं आणि म्हणाले, “पोरा, वाजवणारे ढीगभर मिळतात. ऐकणारा मिळत नाही. तू ऐकायला शीक.” दोन पावसाळे मी नुसता ऐकत होतो. नामू केव्हा द्यायचा, हे वाटतं तितकं सोपं नाही. लवकर दिला तर ओळ तुटते, उशिरा दिला तर म्हणणारा एकटा पडतो. एकदा डुलकी लागून मी नामू चुकवला, तर फादिगी भर सभेत थांबले आणि म्हणाले, “बांजुगु, मी या राजाला घोड्यावर बसवून ठेवलंय. तू जागा झालास की त्याला उतरवतो.” आठवतंय ना? तिकडे म्हातारी मंडळी मान हलवतायत.

अशी माणसं गळ्यावर जगतात. गेल्या वर्षी बामाकोच्या डॉक्टरांनी त्यांचा जीव वाचवला आणि गळा काढून घेतला. ज्या तोंडात आपल्या सगळ्यांचे पणजोबा होते, त्यातून आता वारा येतो. तेही आज आपल्यासमोर हसतायत. त्यांच्या मांडीवरची बोटं पाहा, अजून ठेका चालू आहे. मंडळी, मला हे पाहवत नाही, पण पाहिलं पाहिजे.

आता थोड्या वेळात तेनेंबा वडिलांचं न्गोनी मांडीवर घेईल आणि पहिल्यांदाच कोनात्यांची वंशावळ पहिल्या नावापासून शेवटच्या नावापर्यंत म्हणेल. बाई माणसानं वंशावळ म्हणायची का, यावर गावात महिनाभर काथ्याकूट झाला. इमामसाहेबांनी एका वाक्यात तो मिटवला. “ज्याला पाठ आहे त्यानं म्हणावं, ज्याला नाही त्यानं ऐकावं.” अल्ला त्यांना दीर्घायुष्य देवो. आणि तेनेंबानं मला विनंती केली, की काका, शेवटचा एकदा माझ्यासाठी नामू द्या.

मी हो म्हणालो. त्या दिवसापासून मला झोप नाही.

कारण सांगतो. तेनेंबा वंशावळ शिकली ती जुन्या टेपांवरून. वडिलांचा गळा जाईल असं कुणाला वाटलं होतं? समोर बसून शिकायचं राहून गेलं. रेडिओच्या गृहस्थांनी अकरा टेपा दिल्या आणि ही पोरगी त्या झिजेपर्यंत ऐकत बसली. गेल्या गुरुवारी दुपारी माझ्या अंगणात आली. मी बाजरी निवडत होतो. टेपयंत्र माझ्यासमोर ठेवून म्हणाली, “काका, एक जागा अडते.”

मी विचारलं, “कुठली?” मला माहीत होतं कुठली.

“बाबा म्हणतात, देंबाच्या पोटी, मग तुमचा लांबलचक नामू येतो, मग बाबा म्हणतात, पाठीवर फामाकां. काका, पाठीवर म्हणजे कुणाच्या? पाठीवरचा म्हटलं की आधीचा कुणीतरी लागतो ना?”

मी म्हणालो, “टेप जुनी आहे गं. खरखरते.”

“अकराही टेपा तिथंच खरखरतात?” असं म्हणून ती माझ्याकडे बघत राहिली. बापाचे डोळे आहेत तिचे. मग म्हणाली, “आणि काका, त्या जागी दोन नामू का आहेत? एक तुमचा. तो संपल्यावर दुसरा येतो, बारीक, लांबून आल्यासारखा. तिथं अजून कोण बसायचं?”

मंडळी, माझ्या हातातलं सूप खाली पडलं. बाजरी कोंबड्यांनी खाल्ली. तो दुसरा नामू मी अडतीस वर्षं ऐकत होतो आणि मला वाटत होतं, तो फक्त मलाच ऐकू येतो.

मी भुताखेतांच्या गोष्टी सांगायला उभा राहिलेलो नाही. इमामसाहेब बसले आहेत, मी मर्यादा ओळखतो. फक्त जे आहे ते सांगतो. प्रत्येक वेळी ती ओळ आली की मी लांब नामू द्यायचो, आणि माझा श्वास संपला की जमिनीच्या बाजूनं दुसरा यायचा. ओला, दमलेला, आणि बरोबर जागेवर. माझा नामू मुद्दाम लवकर पडलेला असायचा. त्याचा ठीक वेळेवर पडायचा. एकदा फादिगींनी सभा संपल्यावर मला हळूच विचारलं, “आजही आला का रे?” मी म्हणालो, “आला.” मग आम्ही दोघांनी कोलाची एक बी अर्धी अर्धी खाल्ली आणि घरी गेलो.

फादिगी, तुमची बोटं थांबली. थांबू नका. तुम्ही ठेका धरलात तरच मला पुढं जाता येईल. ... हां. आभारी आहे.

इथं जमलेल्यांत साठीच्या पुढची जी मंडळी आहेत त्यांना माहीत आहे, की अध्यक्षांचे वडील, तेव्हाचे गावप्रमुख देंबा कोनाते, यांना अध्यक्षांच्या आधी एक मुलगा होता. बाकीच्यांना माहीत नाही, कारण गेली अडतीस वर्षं त्याचं नाव या मंडपात घेतलं गेलं आणि ऐकलं गेलं नाही. घेतलं गेलं, हे मी शपथेवर सांगतो. फादिगींनी एकदाही नाव गाळलं नाही. जेलीनं नाव गाळलं तर त्याची जीभ सडते, असं आमच्यात म्हणतात. ते प्रत्येक वेळी नाव घ्यायचे. मी त्यावर नामू घालायचो, जाड गोधडी घालावी तसा.

असं का? अध्यक्षमहाराज, मी आपली परवानगी मागायला हवी होती. मागितली नाही. मागितली असती तर आपण दिली नसती, आणि मी साठीला आलोय. माझ्यानंतर ते नाव कुणाच्या तोंडात राहणार नाही. आज तेनेंबा जे म्हणेल तेच पुढचे सातशे पावसाळे खरं राहील. आज मी त्या जागी नामू दिला तर तो माणूस दुसऱ्यांदा गाडला जाईल. आणि ज्याचं नाव ओळीत नाही त्याला वाडवडिलांत जागा नसते. तो गावात येऊ शकत नाही आणि गावाबाहेर जाऊही शकत नाही.

दुष्काळाचं साल होतं. जुन्या बाजारामागची विहीर आटली म्हणून अजून खोल खणत होते. आता तिथं शेळ्यासुद्धा बसत नाहीत, ती जागा. थोरले बंधू स्वतः खाली उतरले. दुसऱ्याला पाठवायला ते तयार नव्हते. म्हणाले, “मी मोठा, मी उतरतो. वर मला माझा भाऊ पुरे.” धाकटे बंधू, म्हणजे आपले अध्यक्ष, दोराला लागले. पण दोराला आणखी एक माणूस लागत होता. मी तिथून न्गोनी घेऊन चाललो होतो, ऐटीत. थोरल्यांनी खालून डोकं वर करून हाक मारली, “ए जेल्या, नुसती तार काय छेडतोस, कधी दोरही धर की! हात झिजतील का तुझे?” सगळे हसले. मीही हसलो, वाद्य खाली ठेवलं आणि दोर धरला. पुढं धाकटे बंधू, मागं मी.

आमच्यात तारा छेडायच्या आधी बोटांना शियाच्या बियांचं तूप चोळतात. बोटं मऊ राहतात. हे जेलीच्या घरच्या पोरालाही माहीत असतं. मी हात पुसले नाहीत. पुसायचं सुचलं नाही.

भिंत सुटली तेव्हा आवाज फार मोठा नव्हता. खालून थोरले ओरडले, “ओढा!” आम्ही ओढलं. ते निम्म्यापर्यंत आले. मला त्यांच्या डोक्यावरची माती दिसली. मग दोर गेला.

गावानं काय पाहिलं? गावानं पाहिलं, की धाकट्या बंधूंच्या तळव्यांची सालं निघाली आहेत, रक्त गळतंय आणि दोर विहिरीत पडलाय. गाव काही म्हणालं नाही, गाव शहाणं असतं. पण धाकटे बंधू स्वतःलाच म्हणाले, माझ्या हातून सुटला. विहीर बुजवली, काठावर उभं राहून नमाज पढली. चाळीस दिवसांनी ते फादिगींकडे आले आणि पाया पडले. कोनाते जेलीच्या पाया पडतो, असं कधी ऐकलंय? म्हणाले, “त्याचं नाव माझ्या कानावर येऊ देऊ नका. ते ऐकलं की माझे हात पेटतात.” मालकाची लाज झाकणं हे जेलीचं काम. नाव गाळणं हे जेलीला पाप. फादिगी रात्रभर बसले आणि सकाळी त्यांनी मधला रस्ता काढला. मला बोलावलं, माझे दोन्ही हात ओढून घेतले, तळवे वर केले आणि बराच वेळ पाहिले. मग म्हणाले, “उद्यापासून माझा नामू तू देणार. त्या नावावर झाकण तू घालणार. दुसरा कुणी नाही.”

मला वाटलं, मला मान मिळाला. पुढं कळलं.

याहून वाईट सांगायचंय. त्या दोघांची आई, आपल्या सगळ्यांची कुम्बाआई, प्रत्येक सभेला पहिल्या रांगेत बसायची. उजवा हात कानामागं धरून. ती ओळ जवळ आली की थोडी पुढं वाकायची. मी तिच्याकडे बघत तिच्या थोरल्याच्या नावावर नामू घालायचो. मरायच्या आधी तिनं मला बोलावलं. म्हणाली, “बांजुगु, खरं सांग. फादिगी माझ्या थोरल्याचं नाव घेतो ना?”

मी म्हणालो, “घेतात, आई. दर वेळी घेतात.”

ती म्हणाली, “मग मला का ऐकू येत नाही रे? कान गेले वाटतं माझे. म्हातारपण वाईट.”

मी नामू म्हणालो. दुसरं काय म्हणणार? मला तेवढंच येतं.

बायांनो, रडू नका. माझं अजून संपलेलं नाही, आणि रडायची जागा पुढं आहे.

अध्यक्षमहाराज, आपण एकतीस वर्षं गावप्रमुख आहात. या एकतीस वर्षांत आपण कुणालाही उघड्या हातानं आशीर्वाद दिला नाही. मूठ मिटून देता. नव्या पोरांना वाटतं ती घराण्याची रीत आहे, दोघंतिघं तशी नक्कलही करतात. मला माहीत आहे आपण मुठीत काय झाकता. आता मी विचारतो, आणि अडतीस वर्षांत मी विचारलेला हा पहिलाच प्रश्न आहे. दोर ज्याच्या हातातून सुटतो, त्याचे तळवे सोलतात का? तळवे त्याचे सोलतात ज्यानं दोर सोडला नाही. जो एकटा पडला, ज्याच्या मागचा माणूस गेला, आणि तरी ज्यानं धरून ठेवला.

हे माझे तळवे. रेडिओचे साहेब, यंत्र जवळ आणा, दिसणार नाही पण आवाज तरी येऊ दे. मंडळी, बघा. त्या सकाळी फादिगींनी पाहिले तेव्हाही असेच होते. एक ओरखडा नाही. तूप लावलेले हात. आधी मी निसटलो, अध्यक्षमहाराज. आपण मागं वळून पाहिलं नाही म्हणून आपल्याला कळलं नाही. मी सांगितलं नाही म्हणून कधीच कळलं नाही. माझी लाज मी आपल्या अंगावर घातली आणि वर नामू देत बसलो. आपली लाज नव्हतीच. मी भित्रा होतो, आणि भित्रेपणाची सवय झाली की ती नोकरीसारखी होते.

नाही, मेयरसाहेब, बसा. इमामसाहेब, मला दोनच मिनिटं द्या. तेनेंबा, तू वाजव. वडिलांच्या हातात दे वाटलं तर. ... बरं, तूच वाजव, ते ठेका देतील.

मला ओळ म्हणायचा अधिकार नाही. मी कान आहे, तोंड नाही. आज एकदा चूक करतो.

देंबाच्या पोटी न्यांकोरो. न्यांकोरोच्या पाठीवर फामाकां.

आता नामू कोण देणार? देणारा तर इथं उभा आहे, आणि ज्यानं ओळ म्हटली त्यानं नामू देऊ नये, असा नियम आहे. ओळ अशीच लोंबकळत राहील. मी थांबतो.

...

कोण ते? कोण म्हणालं?

मंडळी, हा आवाज तुम्ही ओळखला नाही. कसा ओळखाल? एकतीस वर्षांत या सभेनं तो ऐकलेला नाही. मोठ्या घरचा माणूस सभेत मोठ्यानं बोलत नाही, आणि नामू तर मुळीच म्हणत नाही, ते आमचं काम. अध्यक्षमहाराज, आपण स्वतःच्या तोंडानं म्हणालात. आणि जागेवर म्हणालात. फादिगींचं बोट आणि आपला आवाज एकाच वेळी पडला.

थांबा. जरा शांत राहा सगळे. पोरांनो, भिंतीवर गप्प बसा.

मी त्या दुसऱ्या नामूची वाट बघतोय.

...

नाही आला. फादिगी, तुम्हांला ऐकू आला? नाही ना? तेनेंबा, तुला? अडतीस वर्षांत आज पहिल्यांदा आला नाही.

तर मंडळी, मी माझं भाषण आवरतं घेतो, कालवण खरोखरच निवलं असेल. अध्यक्षांचे आभार मानायचे तर मला त्यांच्याकडे बघावं लागेल. त्यांनी मुठी उघडल्या आहेत आणि हात मांडीवर ठेवले आहेत, आणि मला अजून तिकडे बघवत नाही. ते मला काय शिक्षा देतात, तो त्यांचा अधिकार. मी गावातच आहे, बाजरी निवडतोय. फादिगींचे आभार मानत नाही, त्यांनी मला जे काम दिलं ते बक्षीस नव्हतं, आणि दुसऱ्या कुणाला दिलं असतं तर हे नाव आज इथं पोचलं नसतं. प्रमुख पाहुणे, इमामसाहेब, रेडिओचे गृहस्थ, स्वयंपाकाच्या चुलीपाशी उभ्या राहून ऐकणाऱ्या बाया, सगळ्यांचा ऋणी आहे. तेनेंबा, मी तुझ्यासाठी नामू देणार नाही. तू सुरू कर. ती ओळ आली की देणारे भेटतील.

बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल तर आपण सगळे ते पोटात घ्याल, एवढं तुम्ही मोठ्या मनाचे आहात. एक क्षमा मात्र तुमच्याकडे मागून उपयोगाची नाही. कुम्बाआई, तुझे कान गेले नव्हते. न्यांकोरोदादा, हात पुसायला हवे होते.